खाडीला संडे कळत नाही

'ए, या संडेला फिशिंगला नेशील का?'

ऑफिसमध्ये महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा नवाकोरा रॉड ऑनलाइन मागवलेला असतो, त्याचं प्लॅस्टिकही फाडलेलं नसतं. माझा उलटा प्रश्न ठरलेला, 'संडेला तिथी कोणती?' की समोरचा गार! माझ्या डेस्कवर मॉनिटरच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. एचआरमधल्या मॅडमची खात्री आहे की मी कडक उपवास करतो. उपवास कसले मॅडम, मी भरती मोजतो!

तर मंडळी, या आठवड्यात मनोर. हो हो, तेच मनोर. अहमदाबाद हायवेवर मस्तान नाक्याला गाडी थांबवायची, चहा मारायचा, वडा खायचा आणि पुढे सटकायचं, एवढीच आपली आणि त्याची ओळख. कुणाला किल्ल्यांचा नाद असेल तर अशेरी आणि कोहोज माहीत असतात. पण मनोरला खाऱ्या पाण्यातले मासे मिळतात, असं म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. समुद्र कुठाय इथे? पालघर वीसेक किलोमीटर, तिथून किनारा आणखी पुढे. बरोबर आहे, समुद्र दिसत नाही. पण तो येतो. दिवसातून दोनदा. अर्नाळा आणि दातिवऱ्याच्या मधून वैतरणेच्या मुखात शिरतो, सफाळ्याच्या बाजूने, वाढीव बेटाला वळसा घालून, रेल्वेच्या पुलांखालून वर चढत मनोरच्या आसपास येऊन दमतो. जुन्या ठाणे गॅझेटिअरमध्ये होड्या मनोरपर्यंत येत असल्याची नोंद आहे. त्या कशाच्या जोरावर यायच्या? या भरतीच्याच!

म्हणजे हा सगळा पट्टा ना धड नदी, ना धड समुद्र. वरून गोडं पाणी, खालून खारं, मध्ये मचूळ. दोन्ही काठांना चिखल, आणि जसजसं खाली सरकाल तसतशी दाट होत जाणारी तिवरं आणि खाजणं. फोटो काढायला गेलात तर निराशा होईल. ना निळं पाणी, ना पांढरी वाळू. रंग कटिंग चहाचा. पण गळ टाकणाऱ्याला विचाराल तर मुंबईपासून दोन तासांत यापेक्षा मस्त शाळा नाही. शाळा म्हणतोय, कारण इथे आधी शिकावं लागतं, मासा नंतर.

पहिला धडा पाऊणकीचा. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती, ती खाडीवर अजून चालते. फंडा सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनला आणि पुन्हा पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण खिशात मोबाइल नसलेल्या माणसाने काढलेलं गणित म्हणून बघा, सॉलिड आहे! चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे मागे सरकते, एवढंच त्यामागचं कारण.

आता यातली खरी मजा बघा. उधाण येतं पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्री असते. आणि भांग, म्हणजे सर्वांत मवाळ भरती-ओहोटी, अष्टमी-नवमीला. तेव्हा पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी सकाळी नऊला तुम्ही ब्रेकफास्ट आटपून खाडीवर अवतरलात, तर पाणी नुसतं धो धो चढत असणार, गाळाने लाल झालेलं. तुमचा गळ तळाला टिकणार नाही आणि मासा तिवरांच्या आत, जिथे तुमचा हात पोचणार नाही तिथे, चरत असणार. मग तुम्ही चार तास उन्हात बसणार, दोन शेंगट्या काढणार आणि सोमवारी सांगणार की मनोरला मासाच नाही. मासा आहे हो. तुम्ही तिथी बघितली नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि सुकतीला तळ उघडा पडतो. भांगेला सगळा खेळ दीड-दोन मीटरचा. नवशिक्याने भांगेपासून सुरुवात करावी, हे माझं ठाम मत. पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, ओढ कमी, चुकीला माफी जास्त. उधाणाची मजा वेगळी आहे, पण ती पाणी ओळखायला लागल्यावर.

आणि हो, पेपरात किंवा अॅपवर दिसणारी वेळ किनाऱ्याची असते. मनोरच्या बाजूला पाणी पोचायला वेळ लागतो. किती लागतो ते उधाण आहे की भांग, नदीला वरून पाणी किती आहे, यावर ठरतं. पहिल्या दोन-तीन खेपांना माशाचा नाद सोडा आणि एक बांबू रोवून त्यावर पाण्याच्या खुणा करा. मी अर्नाळ्याच्या वेळेत तास-सव्वा तास धरून निघतो आणि मग काठावर बसून बघतो. आणखी एक गोष्ट लक्षात येईल. खाडीत आत आलं की भरती घाईत चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते. आपल्याला तेच हवं असतं, कारण खेळ ओहोटीचा आहे.

तो कसा, ते नीट सांगतो.

भरतीला पाणी तिवरांच्या मुळांमध्ये शिरतं. त्याच्याबरोबर कोळंबी, बोयांची पिल्लं, बारीकसारीक मासळी आत जाते. आत खाणं भरपूर, लपायला जागा भरपूर. पण पाणी उतरायला लागलं की या सगळ्यांना बाहेर पडावंच लागतं, आणि बाहेर पडायच्या वाटा ठरलेल्या. खाजणातून खाडीत उतरणारे छोटे छोटे चर. चर्चगेटला संध्याकाळी सहाला सबवेच्या तोंडाशी उभे राहा, कळेल. सगळं शहर त्या एका भोकातून येतं. मोठा मासा तेच करतो. चराच्या तोंडाशी, थोडा बाजूला, जिथे वाहतं पाणी आणि संथ पाणी यांची रेघ दिसते तिथे, ढिम्म उभा राहतो. त्याला पळावं लागत नाही. जेवण चालत येतं.

म्हणून ओहोटीच्या पहिल्या दोन-अडीच तासांत चराच्या तोंडाशी गळ. चराच्या आत नाही, समोर खोल पाण्यातही नाही. रेघेवर. सफाळे-केळव्याच्या बाजूला जिथे खारबंदिस्तीच्या बांधांना उघाड्या आहेत, तिथेही हेच गणित. उघाडीतून पाणी सुटलं की तिच्या खालचा डोह बघण्यासारखा असतो. भरतीला मासे धरायचेच असतील तर पाणी चढायला लागल्याचा पहिला तास घ्या, जेव्हा मासा काठाकाठाने वर सरकत असतो. पाणी तटस्थ झालं, ना चढ ना उतार, की डबा उघडा आणि जेवून घ्या. मासाही तेव्हा आराम करतो.

मासे कोणते? शिंगाळा आणि शेंगटी तर मिळतातच, हवे असोत वा नसोत. त्यांच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यापासून सांभाळा, पक्कड असल्याशिवाय गळ काढायला जाऊ नका. हात सुजला की पुढचा आठवडा की-बोर्ड विसरा. बोय गळाला फारशी लागत नाही, ती जाळ्याची. तांब लागली तर ती सरळ मुळांत घुसते आणि लाइन कापते. नशीब असेल तर रावस, पण तो मुखाकडे. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे जिताडा. गोव्याकडे चोणक म्हणतात, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. फाइव्ह स्टारच्या मेन्यूत सी-बास नावाने मिळतो तो बहुतेक याचाच तळ्यात वाढवलेला भाऊ.

जिताड्याचा घास ओढल्यासारखा नसतो. तो तोंड उघडतो आणि पाण्यासकट सगळं आत शोषतो. शांत संध्याकाळी चराच्या तोंडाशी 'चब्बाक' असा आवाज येतो, रिकामी बादली पाण्यावर उपडी आपटावी तसा. तो आवाज एकदा ऐकला की माणूस कामातून गेला समजा. मग मीटिंगमध्ये बसल्या बसल्या पाऊणकी सुरू होते.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण या विषयावर लोक उगाच पैसे उडवतात. सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, चार हजार नंबरचं स्पिनिंग रील, पंचवीस-तीस पौंडांची ब्रेड लाइन. पुढे दोन-अडीच फूट जाड लीडर हवाच, चाळीस पौंडांचा. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं ब्लेडसारखी असतात, नुसती ब्रेड घासली की संपली. ल्युअर टाकणार असाल तर चार इंची, उथळ चालणारी, आणि ओढायची अगदी सावकाश. दोन झटके, थांबा. पुन्हा दोन झटके, थांबा. घास येतो तो थांबलेल्या वेळेत. गढूळ पाण्यात मात्र ल्युअरचा हट्ट सोडा आणि जिवंत कोळंबी लावा. शेपटीच्या टोकातून गळ घातला की ती तासभर नाचत राहते. जिवंत आमिषाला गोल वळणाचा सर्कल हुक वापरा. तो माशाच्या पोटात जात नाही, जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हे मी का सांगतोय ते पुढे येईलच. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने धुवा. खाडीचं मीठ दोन आठवड्यांत बेअरिंग खातं, मग सर्व्हिस सेंटरचा माणूस आपल्याला खातो.

कोळंबी मात्र मुंबईहून आइसबॉक्समध्ये घालून नेऊ नका. काठावरच्या माणसांकडून घ्या. पाग टाकणारा कुणी ना कुणी असतोच. त्याला पैसे मिळतात, तुम्हाला ताजी कोळंबी मिळते, आणि मुख्य म्हणजे बोलणं सुरू होतं. खाडीवर बोलणं सुरू झालं नाही तर तुम्ही फक्त एक पाहुणा आहात, तोही न बोलावलेला.

मी ज्या काकांच्या होडीतून जातो त्यांची ओळख अशीच झाली. त्यांचं वय त्यांनाच नक्की माहीत नाही. पहिल्या दिवशी मी दर दहा मिनिटांनी विचारत होतो, 'काका, पाणी कधी फिरणार?' तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी विडी बाजूला काढली. 'फिरंल की. तुम्हाला काय लोकल पकडायचीय?' नंतर मी गप्प बसायला शिकलो. काका पाण्याकडे बघतही नाहीत. काठावरची निवटी बघतात. निवटी चिखलात उड्या मारत वर वर सरकायला लागली की पाणी चढतंय, आणि पुन्हा खाली घसरायला लागली की सुकती लागली. अॅप एकीकडे आणि निवटी एकीकडे असा सामना झाला तर मी निवटीच्या बाजूने पैसे लावीन.

काठावरचे दोन-तीन अलिखित कायदे आहेत. पाण्यात रोवलेल्या खुंटांना होडी बांधायची नाही, ते कुणाच्या तरी जाळ्याचे आहेत. कुणी पाग टाकत असेल त्याच्या खालच्या अंगाला गळ टाकायचा नाही. ब्रेड लाइनचे तुकडे पाण्यात फेकायचे नाहीत, ती कुजत नाही आणि जाळ्यात नाहीतर बगळ्याच्या पायात अडकते. तिवरांच्या फांद्या तोडून जागा करायची नाही. मुंबई हायकोर्टाने २००५ आणि २०१८ मध्ये खारफुटीला हात लावू नका असं बजावलंय ते आहेच, पण ज्या झाडाखाली तुमचा मासा वाढतो तेच तोडणं म्हणजे काय म्हणावं? आणि म्युझिक. काय राव, ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवता येत नाही का?

चिखलाला हलक्यात घेऊ नका. ओहोटीला उघडा पडलेला काठ कोरडा दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो. शूज तिथेच राहतात, कधी कधी माणूसही. त्याहून वाईट म्हणजे रेती उपशाचे खड्डे. वैतरणेच्या पट्ट्यात रेतीचा उपसा इतका झालाय की रेल्वेच्या पुलांच्या पायांची काळजी करायची वेळ आली. जिथे गुडघाभर पाणी दिसतं तिथे पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल डोह असू शकतो. पाण्यात उतरून मासे मारायची हौस या खाडीत नको. होडीत असाल तर लाइफ जॅकेट घाला, फोटोत वाईट दिसलं तरी चालेल. उथळ जागी पाय ठेवावाच लागला तर उचलून टाकू नका, घासत न्या. पाकट तळाला चिकटून बसलेली असते, तिला जायला वेळ मिळाला तर ती जाते.

मोसम कधी? पावसाळा बाद. जून-जुलैत नदीला पूर आला की गोड्या पाण्याचा लोंढा खाऱ्याला थेट मुखापर्यंत मागे रेटतो. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात बंदी असते, आणि माझ्या मते आपणही त्या दोन महिन्यांत गळ गुंडाळून ठेवावा. नारळी पौर्णिमा, गणपती सगळं होऊ द्या. नवरात्रानंतर पूर ओसरतो, खार हळूहळू वर सरकायला लागतो आणि त्याच्याबरोबर मासा. ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट. डिसेंबर-जानेवारीत थंडीने जिताडा सुस्तावतो, तेव्हा ल्युअरवाल्यांचे हाल. होळीनंतर पुन्हा जोर, मेपर्यंत.

बोईसरला राहणारे मित्र विचारतात, मुरबे-सातपाटीची खाडी आम्हाला जवळ, तिथे का नाही? मुरबे म्हणजे तेच गाव, जिथल्या एका बोटीला ऑगस्ट २०२१ मध्ये घोळ माशांचा थवा सापडला आणि ते मासे कोटीच्या वर विकले गेले. पण ते समुद्रातलं. त्या बाजूच्या खाड्यांमध्ये तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याने काय केलं, यावर अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि लवादाने २०२२ मध्ये कारखान्यांवर भरपाई बसवली. मी तिथे गळ टाकत नाही. तिथल्या कोळ्यांना मात्र 'मी टाकत नाही' म्हणायची सोय नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. ते डहाणूकडे, मनोरपासून लांब, पण या किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीत आता तोच विषय असतो. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

आता सर्कल हुकचं. इथे जरा बैठक मारून ऐका, कारण या कॉलमचं खरं कारण हेच आहे.

जिताडा जन्मतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं भरतीबरोबर खाजणात शिरतात, तिवरांत वाढतात आणि बरीचशी पुढे गोड्या पाण्यात वर चढतात. तिथे दोन-चार वर्षं काढून मोठी झाली की पुन्हा खाली, मुखाकडे. म्हणजे त्याला दोन्ही पाणी लागतात, आणि मधला रस्ता मोकळा लागतो. आणि याहून भन्नाट गोष्ट अशी, की जिताडा जन्मतो, मोठा होतो तो बहुतेक सगळा नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून काढली की वाढता वाढता तो मादी होतो! खरंच. तीन फुटांच्या पुढचा जिताडा दिसला तर ती जवळपास नक्की मादी असते, आणि एका हंगामात लाखांनी अंडी देते. तुमच्या फेसबुकच्या फोटोत जो सगळ्यात मोठा मासा हवा असतो, तो म्हणजे या खाडीची आई आहे.

आता मधल्या रस्त्याकडे या. वैतरणेवर मोडकसागर १९५७ मध्ये झालं, नंतर वर ऊर्ध्व वैतरणा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. तिच्याच उपनदीवर तानसा, ते तर १८९२ पासून. हे सगळं पाणी जातं कुठे? आपल्या नळाला. मनोरच्या खाली वैतरणेला मिळणाऱ्या सूर्या नदीवर धामणी आणि कवडास, तिथून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर. मासवणला सूर्येवर बंधारा, त्यावर पालघर. मी काही धरणांच्या विरोधात नाही, मीही आंघोळ करतो. पण एप्रिलमध्ये मनोरच्या काठावर उभं राहून वरून येणारी ती बारीक धार बघितली की कळतं, या नदीचं गोडं पाणी आपण शहरात पिऊन बसलोय आणि वीकएण्डला उरलेल्या खाऱ्या पाण्यात मासे मारायला येतोय. वर चढणाऱ्या पिल्लाला बंधारा ओलांडता येत नाही. म्हणजे त्याला उरते ती मधली पट्टी, आणि नेमकी त्याच पट्टीत आपण गळ घेऊन बसलेलो.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये याचा नियम आहे. ५८ सेंटिमीटरच्या खालचा सोडायचा आणि १२० सेंटिमीटरच्या वरचाही सोडायचा. पूर्व किनाऱ्यावर अंडी घालायच्या मोसमात तो पकडायलाच बंदी. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, ही चांगली गोष्ट झाली. पण किमान आकार लहान माशाला वाचवतो. मोठ्या मादीला वाचवायचं काम त्या नियमाचं नाही. ते आपल्यावर आहे.

म्हणून माझा स्वतःचा नियम असा. दोन फुटांच्या खालचा जिताडा सोडायचा. अडीच फुटांच्या वरचा सोडायचा. मधला एखादा, वर्षातून दोनदा-तीनदा, घरी. बाकी खायचा असेल तर काकांकडून विकत घ्यायचा. सोडायचा म्हणजे किनाऱ्यावर आपटून, दहा फोटो काढून, मग पाण्यात ढकलायचा नाही. हात ओले करा. जबड्याने लटकवू नका, एक हात पोटाखाली. फोटो एकच, आणि कॅमेरा आधी तयार ठेवा. पक्कडीने गळाचा काटा आधीच दाबून टाकलेला असेल तर तो क्षणात निघतो. मग माशाचं तोंड वाहत्या पाण्याकडे करून धरा. तो दमलेला असतो. कल्ले उघडझाप करायला लागतात, अंग ताठ होतं आणि शेपटीचा एक फटका तुमच्या तोंडावर पाणी उडवून तो जातो. तो फटका मिळेपर्यंत सोडायचं नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं होतं, नर-मादीसकट. होडीत आम्ही दोघंच होतो, ओहोटी लागायची होती. त्यांनी शांतपणे ऐकलं. नराची मादी होते यावर ते हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, 'मोठ्याच्या पोटात गाभोळी असते ते आम्हाला ठावं हाय. तुम्ही सोडा. मी नाय सोडणार.'

'का काका?'

'तुमचा पगार बँकेत येतो. माझा या पाण्यातून येतो. मोठा जिताडा म्हंजे माझा महिना.' थोडा वेळ थांबून म्हणाले, 'आधी असे महिने लय यायचे.'

यावर मी काय बोलणार? त्यांना सोडायला सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि मी सांगतही नाही. ते पागाने आणि एका होडीने जेवढं काढतात त्याने खाडी रिकामी होत नाही. ती रिकामी होते ती वरच्या बंधाऱ्यांनी, उपशाने, सांडपाण्याने आणि बारीक भोकांच्या जाळ्यांनी. आणि आता त्यात आपली भर पडतेय. दहा वर्षांपूर्वी या पट्ट्यात रॉडवाला माणूस दिसला तर आम्ही एकमेकांना हात करायचो. आता एखाद्या सुट्टीच्या दिवशी हायवेच्या कडेला पार्क केलेल्या गाड्या मोजाव्या लागतात. आपल्याला तो मासा लागत नाही. शुक्रवारी रात्री घरी डबा आहे, शनिवारी हॉटेल आहे. ज्याला लागत नाही त्याने सोडायला काय हरकत आहे? एवढं साधं गणित आहे, यात पाऊणकीसुद्धा नाही.

परवा ऑफिसमधल्या दोघांनी पुन्हा विचारलं. तर ठरलंय. नवमीला जातोय, मग तो बुधवार असो की गुरुवार, एकेक सुट्टी टाका. नऊ गुणिले पाऊण, पावणेसात. त्यात खाडीचा तास-सव्वा तास, म्हणजे मनोरच्या बाजूला सुकती लागणार आठच्या सुमारास. बोरिवलीहून पहाटे पाचला निघायचं, घोडबंदरच्या तोंडाशी ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत पार. ज्यांना गाडी नको त्यांनी आदल्या रात्री डहाणू लोकलने पालघर गाठावं, सकाळी मासवणमार्गे मनोर. मस्तान नाक्याला चहा, वडे बांधून घ्यायचे. होडीत चौघांचीच जागा आहे, त्यात एक काका. लांब पक्कड, टोपी, दोन लिटर पाणी प्रत्येकी, आणि चिखलात गेले तरी चालतील असे बूट. कोळंबीचे पैसे सुट्टे आणा. काकांकडे यूपीआय नाही.